घरच्या चटण्या-भाकरी ऑनलाइन विकायच्या? आधी पार्सल, मग वेबसाइट : बेळगावकडच्या नवीन लोकांसाठी

वेबसाइटचं नाव काय, रंग कुठला, लोगोत तुळस घालायची का उखळ, ह्यात मी दोन महिने घालवले आणि मग पहिली खरी ऑर्डर आली तेव्हा लोणच्याची बरणी कशात गुंडाळायची तेच माहीत नव्हतं. पार्सल बेंगळुरूला पोचलं तेव्हा बॉक्स तेलानं भिजलेला, पत्त्याचं लेबल अर्धं सुटलेलं, आणि त्या ताईंनी फोटो पाठवला तो बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पैसे परत केले, पण ते गिऱ्हाईक काय परत आलं नाही.

म्हणून मी उलटीकडनं सांगणार आहे. वेबसाइट उभी करणं हे दोन-तीन संध्याकाळचं काम आहे हो, खरंच. त्याच्या आधीचं काम मोठं आहे आणि ते कोण सांगत नाही.

आम्ही वडगावात राहतो, घरी सासूबाई शेंगाचटणी, कारळ्याची, जवसाची आणि कांदा-लसूण मसाला करतात, मी पॅकिंग, हिशेब आणि वेबसाइट बघते. तुम्ही खानापूरला असा, निपाणीला असा, उचगाव-येळ्ळूरला असा, गोष्ट सारखीच आहे.

पहिलं : काय विकायचं

बेळगाव म्हटलं की लोक कुंदा मागतात. सुरुवातीला कुंदा घेऊ नका. दुधाचा पदार्थ आहे, उन्हाळ्यात कुरिअरच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस पडला तर काय होईल ते सांगायला नको. मांडे पण नको, चांगला मांडा इतका पातळ असतोय की तो हातातनं ताटात जाईपर्यंत जपावा लागतंय, बॉक्समध्ये तर चुराच. हे सगळं गल्लीतल्या ऑर्डरला ठेवा.

घ्यायचं ते कोरडं आणि प्रवास सोसणारं. चटण्या, मसाले, पापड, सांडगे, जोंधळ्याची कडक भाकरी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही आपल्या भागाची जोडी आहे आणि बाहेरगावी गेलेली आपली पोरं ह्यासाठी जीव टाकतात. तीन वस्तूंपासून सुरू करा, जास्त नको. तेरा वस्तू लावल्या तर तेरा वस्तू कायम ताज्या ठेवाव्या लागतात.

आता टिकतंय किती ते बघायचं. एकाच दिवशी, एकाच घाण्यातल्या चटणीचे सहा पाऊच भरा, तारीख घाला आणि दर आठवड्याला एक फोडून घरच्या दोघा-तिघांना चव द्या. दाण्यात तेल असतंय, त्याला हवा आणि उजेड लागला की खवट वास यायला लागतोय, आणि लसूण ओली राहिली तर त्याच्याही आधी बिघडतंय. आमच्या सासूबाई लसूण मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत भाजतात, आधी मला वाटायचं उगीच गॅस जाळतात, पण टिकण्याचं सगळं तिथंच आहे. ज्या आठवड्यात चव उतरली असं वाटलं त्याच्या दोन आठवडे आधीची तारीख लेबलवर घाला. आणि ही परीक्षा जून-जुलैत परत एकदा करा, आपल्याकडचा पाऊस माहीतच आहे, उन्हाळ्यात दोन महिने कुरकुरीत राहिलेली भाकरी पावसात आठवड्यात मऊ पडते.

पॅकिंग आणि वजन

जाड, आत चंदेरी थर असलेला उभा राहणारा पाऊच घ्या आणि एक हातानं दाबायचा हीट सीलर. सील केलेला पाऊच बादलीत पाण्याखाली धरून हळू दाबा. बुडबुडा आला तर सील कच्चा आहे. बुडबुडा कोपऱ्यातनं येतोय का मधनं ते पण बघा, कोपऱ्यातनं येत असेल तर पाऊचच्या तोंडाला चटणीची पूड लागलेली असते, ती कोरड्या फडक्यानं पुसून मग सील करायचं. हे मी अजून प्रत्येक नवीन बंडलातल्या पहिल्या पाचांना करते.

लोणचं पाठवायचंच असेल तर बरणीच्या तोंडाला आधी फॉइलचं सील, मग झाकण, झाकणाभोवती टेप, मग बरणी वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत सील आणि मग बॉक्स. पत्त्याच्या लेबलवर रुंद पारदर्शक टेप.

वजनाचं एक गणित आहे ते कळल्याशिवाय दर ठरवू नका. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, बॉक्सची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि त्याला साधारण ५००० नं भागतात, जे जास्त येईल त्याचे पैसे. आमच्या तीन पाऊचच्या सेटचं बॉक्ससकट वजन ९०० ग्रॅम. तो मी आधी २५ बाय २० बाय १५ च्या बॉक्समध्ये घालत होते, म्हणजे ७५०० भागिले ५०००, दीड किलो! सहाशे ग्रॅम हवेचे पैसे भरत होते मी. मग २२ बाय १५ बाय १२ चा बॉक्स शोधला, ते येतंय पाऊण किलोच्या जरा वर, म्हणजे खऱ्या वजनावरच बिल. बॉक्स आधी, दर नंतर.

दराचा हिशेब असा मांडा. पाव किलो शेंगाचटणीला दाणे, मिरची, लसूण, मीठ मिळून ५५ रुपये धरा, गॅस-वीज ५, हाताची मजुरी २५, पाऊच आणि लेबल १०, बॉक्स-टेप १२. झाले १०७. दीडशेला विकली तर ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या पेमेंटवाल्यांचे साडेतीन रुपये जाऊन हातात चाळीसच्या आत येतात. मजुरी धरायची, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यात बाईच्या हाताचं काम कोण धरतच नाही आणि मग वर्षानं कळतंय की आपण फुकट राबलो. आता दीडशेच्या एका पाऊचवर गिऱ्हाइकाला सत्तर रुपये कुरिअर दिसलं तर तो तिथनंच मागं फिरतोय. म्हणून एकेकटा पाऊच विकूच नका, तिघांचा सेट करा, कुरिअर तिघांत वाटून जातंय.

मग घरच्याच कुणालातरी दोन पार्सलं पाठवा, एक हुबळीला, एक पुण्याला, आणि उघडताना व्हिडिओ काढायला सांगा. हे झालं की मग कागदं.

कागदपत्रं

एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी खात्याची नोंदणी. घरात करून विकलं तरी लागते, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आहे. फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, छोट्या धंद्याला साधी नोंदणी असते. मी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखापर्यंतच्या उलाढालीला ती चालायची आणि फी वर्षाला १०० रुपये होती, तुम्ही भरताना पोर्टलवर जे दिसेल ते धरा. १४ आकडी नंबर मिळतोय, तो पाऊचवर आणि वेबसाइटवर दोन्हीकडं घालायचा. सर्च केलं की सरकारी वाटावीत अशा खाजगी साइट वर येतात आणि हजारो रुपये मागतात, पत्त्याच्या शेवटी सरकारी साइटचं ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का बघूनच आत जा. उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं, पण तसंच, ती पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते.

एक गोष्ट आपल्या भागातल्या बायकांना फार नडते. आधारवर नाव कन्नडातनं इंग्रजीत गेलेलं, पॅनवर मराठीतनं गेलेलं, बँकेत तिसरंच. एकीकडं आडनावात एक अक्षर जास्त, एकीकडं नवऱ्याचं नाव मधे, एकीकडं नाहीच. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात देणाऱ्या कंपन्या, ह्याच्यावर अर्ज अडकवतात. माझा तीन आठवडे अडकला. तेव्हा पहिल्या दिवशी आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर जुळवा, जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा. आणि सगळं एकाच माणसाच्या नावावर ठेवा, नोंदणी सुनेच्या नावावर आणि खातं मुलाच्या नावावर असलं करू नका.

लेबलवर काय काय : पदार्थाचं नाव, घटक (जो जास्त तो आधी), निव्वळ वजन, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, सगळे कर धरून एमआरपी, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीला फोन, १४ आकडी नंबर, आणि हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. शेंगदाण्याची काही लोकांना ॲलर्जी असते म्हणून ‘शेंगदाणा आहे’ हे वेगळं लिहावं लागतंय. आणि नुसतं मराठीत लेबल चालत नाही, नियमाप्रमाणं इंग्रजी किंवा हिंदी पाहिजे, त्याच्या जोडीला तुम्ही मराठी, कन्नड काय पाहिजे ते घाला. आम्ही इंग्रजी मोठं, खाली मराठी आणि कन्नड दोन्ही घालतो. हुबळी-धारवाडचं गिऱ्हाईक कन्नड बघून खूश होतंय आणि कोल्हापूरचं मराठी बघून.

जीएसटी आणि आपली सीमा

हे नीट वाचा, कारण पुण्या-मुंबईतल्या लोकांनी केलेले व्हिडिओ बघून आपल्याला हे कळत नाही. त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याच राज्यात असतंय, आपलं नसतंय.

कर्नाटकात राहून कर्नाटकातच माल विकला तर वर्षाला ४० लाखाच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण कर लागणारा माल दुसऱ्या राज्यात विकला की मर्यादाच नाही, पहिल्या पाऊचपासून नोंदणी लागते. आणि आपल्याला दुसरं राज्य म्हणजे कुठं लांब आहे का, वेंगुर्ला रोडनं शिनोळीला गेलं की महाराष्ट्र, निपाणीच्या पुढं कोगनोळी ओलांडली की कागल. माहेर चंदगडला आणि सासर बेळगावला असलेल्या कितीतरी बायका आहेत, त्यांना मावशीच्या घरी डबा पाठवणं आणि दुसऱ्या राज्यात विक्री करणं ह्यात फरक आहे हेच कुणी सांगितलेलं नसतंय.

तर दोन रस्ते आहेत. एक, सुरुवातीला फक्त कर्नाटकात विकायचं. बेळगाव, हुबळी, धारवाड, आणि बेंगळुरूला तर आपली आयटीतली पोरं ढिगानं आहेत, मी पहिले आठ महिने ह्याच्यावरच काढले आणि काही कमी पडलं नाही. दोन, नोंदणी घ्यायची आणि सगळीकडं विकायचं, पण मग विक्री शून्य असली तरी रिटर्न भरत राहावं लागतंय आणि सीएची फी धरावी लागते. मधला रस्ता म्हणून कोण कंपोझिशन स्कीम (छोट्या धंद्याला सोप्या पद्धतीनं जीएसटी भरायची सोय) सुचवेल, पण त्यात परराज्यात माल विकता येत नाही, म्हणजे आपल्या कामाची नाही. फक्त पापडच विकत असाल तर पापडावर जीएसटी शून्य आहे, तिथं ही अडचण येत नाही. शेव-फरसाण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यावर आलंय. आपला माल कुठल्या रकान्यात बसतोय ते सीएकडनं एकदा लिहून घ्या, तोंडी नको.

माझं मत विचाराल तर पहिला रस्ता. आधी कर्नाटक.

नाव आणि डोमेन

नाव लहान ठेवा, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. ‘ळ’ असलेलं नाव इंग्रजीत कोण एल नं लिहितंय कोण डबल एल नं, तसलं टाळा. देवनागरीत डॉट भारत डोमेन (वेबसाइटचा पत्ता) पण मिळतंय, मला मनापासून आवडलं असतं, पण फोनवर टाइप करताना लोक अडकतात, म्हणून मी साधं डॉट इन घेतलं. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर किती ते आधी बघा.

आणि डोमेन स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या फोन नंबरवर, स्वतः पैसे भरून घ्या. माझी पहिली वेबसाइट एका ओळखीच्या पोरानं करून दिली, डोमेन त्याच्याच खात्यावर घेतलं. वर्षानं त्यानं फोन उचलायचं बंद केलं आणि डोमेनची मुदत संपली. पाऊचवर छापलेला पत्ता, दोन हजार लेबलं, सगळं गेलं. सासूबाई म्हणाल्या, “सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून शेत कसूलालीस काय गं?” तेव्हा मला नीट कळलं.

आता वेबसाइट

घरात कोण कॉम्प्युटरवर बसणारं नसेल तर शॉपिफायसारखं तयार दुकान घ्या, दर महिन्याला भाडं जातंय पण बिघडलं तर ते बघतात. कॉलेजला जाणारी पोरगी किंवा दीर असेल तर वर्डप्रेसवर (वेबसाइट बांधायचं सॉफ्टवेअर) वूकॉमर्स (त्याला जोडायचं दुकान) टाका, ते फुकट आहे, फक्त होस्टिंगचे, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या भाड्याच्या जागेचे पैसे. मी वर्डप्रेसवर आहे, तेच सांगते.

होस्टिंग घेतलं की त्यातच वर्डप्रेस एका बटणावर बसतंय. साइटचा पत्ता एचटीटीपीएस नं सुरू झाला पाहिजे, म्हणजे साइट सुरक्षित आहे, त्यासाठी लागणारं एसएसएल बहुतेक होस्टिंगवाले फुकट देतात, चालू करून घ्या. मग प्लगइनमध्ये (जोड-सॉफ्टवेअरची यादी) जाऊन वूकॉमर्स, चलन रुपये, पत्ता बेळगावचा. थीम, म्हणजे साइटचा दिसायचा साचा, जी येते तीच ठेवा, बदलत बसू नका.

मग वस्तू भरा. प्रत्येक वस्तूला वजनाचा रकाना असतोय तिथं पॅकिंगसकट वजन घाला, चटणीचं नुसतं नको. स्टॉक मोजायचं चालू करा, म्हणजे वीस पाऊच असतील तर एकविसावा विकला जाणार नाही.

शिपिंगमध्ये ‘झोन’ असतात. एक झोन करा, भारतातलं राज्य कर्नाटक निवडा, त्याला दर लावा. बाकी ठिकाणांचा जो उरलेला झोन असतोय त्यात काहीच पद्धत लावू नका. मग कोल्हापूरचा पत्ता घातला की चेकआउटला, म्हणजे पैसे भरायच्या पानावर, तिथं पाठवता येत नाही असं आपोआप दिसतंय आणि तुम्हाला कुणाला फोन करून नाही म्हणायची वेळ येत नाही. पुढं जीएसटी घेतला की महाराष्ट्र, गोवा अशी एकेक झोन उघडत जायचं, पाच मिनिटाचं काम.

पेमेंटला रेझरपे, कॅशफ्री असले गेटवे आहेत. पॅन, बँक खातं, नोंदणीचे कागद मागतात आणि तुमच्या साइटवर पाच पानं आहेत का बघतात : संपर्क, अटी, गोपनीयता, पैसे परत कसे, आणि माल किती दिवसात पोचतोय. ही पानं कुठनं तरी उचलून चिकटवू नका. खायचा माल उघडून परत घेता येत नाही ते लिहा, पण फुटलेला, गळलेला आला तर २४ तासात फोटो पाठवा, नवीन पाठवू किंवा पैसे देऊ असं स्पष्ट लिहा, आणि पाळा. हिशेबाला गेटवेची फी २ टक्के आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी धरून चला. कॅश ऑन डिलिव्हरी पहिलं वर्षभर ठेवू नका, दार उघडलं नाही म्हणून परत आलेली चटणी परत विकता येत नाही.

सगळं झालं की एक रुपयाची वस्तू लावा आणि नवऱ्याच्या फोनवरनं, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर स्वतः ऑर्डर द्या. मेल आला का, पैसे खात्यात किती दिवसानं आले, पत्त्यात पिनकोड नीट आला का, सगळं बघा. मग ती वस्तू काढून टाका.

फोटो आणि मजकूर

सकाळी नऊ-दहाला खिडकीजवळ, फ्लॅश बंद, खाली साधं पांढरं कापड किंवा घरातला लाकडी पाट. चटणीचा फोटो नुसता काढला तर मातीचा ढीग दिसतोय, शेजारी मोडलेली भाकरी आणि वर तेल-दही घाला, लगेच तोंडाला पाणी सुटतंय. फोटो लहान करून चढवा, दोनशे केबीच्या आत, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही.

मजकुरात ‘आईच्या हातची चव’ सगळेच लिहितात. तुम्ही काय करता ते लिहा. “दाणे लोखंडी कढईत भाजून, साल पाखडून, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची मिसळून, खलबत्त्यात कुटलेली” असं लिहिलं की माणूस थांबून वाचतोय, अर्थात खरं असेल तरच लिहा, आम्ही मिक्सरवर करतो तो मसाला मिक्सरवर केलाय असंच लिहिलंय.

आणि शहराचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं, पण बाहेरचे लोक अजून इंग्रजीत जुनं, यू-एम नं संपणारं स्पेलिंगच टाइप करून शोधतात. पानावर दोन्ही स्पेलिंगं येऊ देत, मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी. इथं फक्त गिऱ्हाइकाला आपलं पान सापडायचंय.

पहिले काही आठवडे

वेबसाइट लावली म्हणून ऑर्डर येत नाहीत. लिंक व्हॉट्सॲपवर नात्यातल्या ग्रुपात एकदाच टाका, रोज टाकली की लोक म्यूट करतात. प्रत्येक पार्सलमध्ये हातानं लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी आणि लिंकचा क्यूआर कोड घाला, आम्हाला निम्मी नवीन गिऱ्हाईकं त्या चिठ्ठीचा फोटो कुणीतरी पुढं पाठवल्यामुळं मिळाली.

कामाचे वार ठरवून टाका आणि ते साइटवर लिहा. आमच्याकडं रविवारी रविवार पेठेतनं आणलेले दाणे निवडायचे, सोमवारी भाजायचं-कुटायचं, मंगळवार-बुधवारी पार्सल द्यायचं. शुक्रवार-शनिवारी पार्सल देत नाही, सुट्टीत ते गोडाऊनला पडून राहतंय. ट्रॅकिंग नंबर त्याच संध्याकाळी पाठवायचा, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी एक फोन, “ताई, पाऊच फुगला-गळला नाही न्हवं?” एवढंच विचारायचं. जे सांगतील ते एका वहीत, बॅच नंबरसमोर लिहून ठेवायचं.